कर्ता लपविणारे व्याकरण

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपल्या महाविद्यालयांतून इंग्रजी लेखनाचा जो पहिला नियम बहुधा सांगितला जातो, तो निषेधाचा असतो: 'मी' लिहू नये. प्रयोगवहीत वा प्रकल्पाच्या अहवालात 'मी द्रावण तापविले' अशा अर्थाचे वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते आणि 'द्रावण तापविण्यात आले' या वळणाचे वाक्य लिहून घेतले जाते. का, असे विचारणाऱ्यास उत्तर मिळते की विज्ञान वस्तुनिष्ठ असते, त्यात व्यक्तीला स्थान नसते. पुढच्या पायरीवर साधी क्रियापदे टाकून त्यांच्या जागी नामे बसविण्याचा सराव होतो. त्याहून वरच्या पायरीवर लॅटिन-ग्रीक मुळांचे लांबलचक शब्द येतात. तीन-चार वर्षांत विद्यार्थ्याची पक्की समजूत होते की, माणूस नाहीसा केला, क्रिया गोठविली आणि शब्द जड केले की शास्त्रीय इंग्रजी सिद्ध होते. या समजुतीचे दुसरे टोक आपल्या परिचयाचे आहे. मराठीला असे लिहिणे साधत नाही, सबब मराठीत विज्ञान लिहिता येत नाही, हे ते टोक.

ही समजूत नुसती चुकीची असती, तर ती काळावर सोपवून स्वस्थ बसता आले असते. ती घातक आहे, असे माझे म्हणणे आहे. शास्त्रीय इंग्रजीचे खरे सामर्थ्य तिने स्वतःवर घालून घेतलेल्या तीन बंधनांत आहे. कोणते विधान कोणाच्या जबाबदारीवर केले आहे, ते कळले पाहिजे. एका शब्दाचा एका लेखनात एकच अर्थ असला पाहिजे. दावा पुराव्याच्या मापाबाहेर जाता कामा नये. ही तिन्ही बंधने आपण शिकवीत नाही. शिकवितो तो त्या भाषेचा पोशाख, आणि तोही असा, की ज्याच्याआड ही तिन्ही बंधने खुशाल मोडता यावीत.

प्रथम इतिहास पाहू, कारण या पोशाखाला प्राचीनतेचा मान दिला जातो आणि तो त्याला शोभत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वर्तुळातून 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक १६६५ मध्ये सुरू झाले. त्या काळचे इंग्रजी शास्त्रीय लेखन वाचणाऱ्याला पदोपदी भेटतो तो 'मी'. १६७२ मध्ये न्यूटनचे प्रकाश आणि रंग यांविषयीचे प्रसिद्ध पत्र याच नियतकालिकात छापले गेले. त्यात लोलक मिळविणारा, खोली अंधारी करणारा, भिंतीवरचा रंगपट्टा पाहून चकित होणारा माणूस उघडपणे बोलतो. रॉबर्ट बॉइल आपले प्रयोग कोणासमोर केले ते सांगे, आणि फसलेल्या प्रयोगांविषयीही त्याने स्वतंत्रपणे लिहिले. त्या पिढीच्या मते शास्त्रीय विधान म्हणजे साक्ष होती, आणि साक्षीदाराने आपले नाव झाकून दिलेल्या साक्षीला कोणत्याही न्यायसभेत किंमत नसते.

पुढे विज्ञान हा व्यवसाय झाला, नियतकालिके वाढली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर कर्त्याविना वाक्ये लिहिण्याचा प्रघात बळावत गेला. तथापि तो कधीही एकमेव मार्ग नव्हता. रामन आणि कृष्णन यांचे प्रकाशाच्या विकिरणाविषयीचे टिपण 'नेचर'मध्ये ३१ मार्च १९२८ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच 'आपण' हे सर्वनाम कर्ता होऊन एक गृहीतक मांडते. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना त्याच नियतकालिकात २५ एप्रिल १९५३ रोजी जेमतेम एका पानात सांगितली. त्या लेखाचा पहिला शब्दच 'आम्ही' या अर्थाचा आहे. विसाव्या शतकातील दोन मोठे शोध ज्या व्याकरणात जगापुढे आले, ते आमच्या पदवीच्या प्रयोगवहीत चूक ठरते.

प्रतिपक्षाचे म्हणणे निखालस पोकळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कर्मणी रचनेला प्रयोजन आहे. द्रावण कोणी तापविले याने द्रावणाचा उत्कलनबिंदू बदलत नाही. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या गावी तापविले तरी तोच निष्कर्ष आला पाहिजे, ही तर विज्ञानाची अटच आहे. शिवाय ज्या वस्तूविषयी बोलणे चालले आहे ती वाक्याच्या आरंभी ठेवण्याची सोय या रचनेत होते आणि परिच्छेद सलग वाहतो. क्रियापदाचे नाम करण्यालाही असेच प्रयोजन आहे. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी ते न्यूटनच्या 'ऑप्टिक्स' या १७०४ च्या ग्रंथापासून उलगडून दाखविले. 'किरण वाकतो' हे एका वाक्यात सिद्ध केले, की पुढच्या वाक्यात 'किरणाचे वाकणे' हे नाम हाताशी येते आणि त्यावर पुढचा तर्क रचता येतो. विटेवर वीट ठेवावी तसा युक्तिवाद चढत जातो. हे सामर्थ्य खरे आहे आणि ज्याला विज्ञान लिहायचे आहे त्याने ते कमवावे.

परंतु कृतीचा कर्ता वगळणे आणि निर्णयाचा कर्ता वगळणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'द्रावण ६० अंशांपर्यंत तापविण्यात आले' या वाक्यात कर्ता नसल्याने काहीच हरवत नाही. 'उष्णतेची गळती नगण्य मानण्यात आली' या वाक्यात मात्र सर्वस्व हरवते. कोणी मानली? कोणत्या आधारावर? मोजून की अंदाजाने? तापविणे ही हाताची क्रिया आहे, ती कोणाचीही चालेल. मानणे ही बुद्धीची क्रिया आहे आणि तिला धनी लागतो. 'तीन नोंदी वगळण्यात आल्या', 'नमुना पुरेसा समजण्यात आला', 'धोका स्वीकारार्ह ठरविण्यात आला', ही सारी वाक्ये इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवितील. विज्ञानाच्या परीक्षेत ती नापास झाली पाहिजेत. आपण विद्यार्थ्याला दोहोंतला भेद सांगत नाही. सरसकट एकच साचा हाती देतो. त्या साच्यातून तो प्रामाणिक निरीक्षणही काढतो आणि अंगचुकार गृहीतकही.

नामांचेही तसेच आहे. 'अपुऱ्या देखभालीमुळे झडपेचे निकामी होणे' असा मथळा अहवालात येतो. क्रिया गोठली की तिच्याबरोबर काळ जातो, कर्ता जातो, आणि निश्चितपणाची मात्राही जाते. देखभाल कोणी करावयाची होती, केव्हा केली नाही, आणि झडप त्यामुळेच निकामी झाली हे सिद्ध झाले आहे की तसा तर्क आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मथळ्याला द्यावे लागत नाही. ज्या घडणीने युक्तिवाद उंच चढतो, तिच्याच आड युक्तिवादाचा अभावही लपतो.

हा केवळ शैलीचा वाद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २००३ सालची एक घटना आठवावी. त्या वर्षी १६ जानेवारीला कोलंबिया हे अंतराळयान अमेरिकेतून उडाले. त्यात कर्नालला जन्मलेल्या कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना, या आघाताने कितपत इजा झाली असेल, याचा अभियंत्यांनी हिशेब केला आणि तो पडद्यावर दाखवावयाच्या काही पानांत अधिकाऱ्यांपुढे ठेवला. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान वातावरणात फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. त्यात त्या सादरीकरणातील एका पानाचे एडवर्ड टफ्टी यांनी केलेले विश्लेषण समाविष्ट आहे.

ते पान शास्त्रीय इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्याचा मथळा असे सांगतो की, चाचण्यांच्या माहितीचे परीक्षण सुरक्षिततेच्या बाजूला झुकणारा निष्कर्ष सूचित करते. येथे कर्मणी प्रयोग नाही. तरीही माणूस नाहीसा झाला आहे, कारण त्याच्या जागी 'परीक्षण' हे नाम कर्ता म्हणून बसविले आहे. मत अभियंत्यांचे, आणि बोलते मात्र माहिती. त्याच पानावर 'सिग्निफिकंट' हा शब्द आणि त्याचे क्रियाविशेषण मिळून पाच वेळा आले आहेत. संख्याशास्त्रात या शब्दाचा अर्थ नेमका आहे: मिळालेला फरक केवळ योगायोगाने येण्याजोगा नाही. नित्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'महत्त्वाचा', 'बराच', 'दखल घ्यावी असा' काहीही होतो. या पानावर कोठे तो जेमतेम जाणवणाऱ्या गोष्टीला लावला आहे, तर कोठे प्राणावर बेतणाऱ्या इजेला. सर्वांत खालच्या ओळीत, लहान अक्षरांत, खरी बातमी होती. चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचे आकारमान १,९२० घन इंच धरले होते. म्हणजे ६४० पट. ज्या माहितीवरून निष्कर्ष काढला ती या प्रसंगाला लागूच नव्हती, हे त्या ओळीचे तात्पर्य. आणि मथळा धीर देत होता.

एका पानामुळे यान कोसळले, असा दावा मी करीत नाही, आणि चौकशी मंडळानेही तो केला नाही. फेसाचा आघात हे भौतिक कारण होते आणि त्यामागे संस्थेच्या कारभारातील जुने दोष होते. परंतु अशा सादरीकरणांनी तांत्रिक अहवालांची जागा घ्यावी, हे त्या मंडळाला दोषास्पद वाटले आणि त्याने तसे नोंदविले. ते पान लिहिणाऱ्यांचे इंग्रजी काही कच्चे नव्हते. ती त्यांची कामाची भाषा होती. व्याकरणात एकही चूक नसताना वाक्य खोटा दिलासा देऊ शकते, हा त्या पानाचा धडा आहे. आमच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत त्या प्रकारच्या चुकीला नावसुद्धा नाही.

याच्या उलट उदाहरणही विमानांच्याच जगातले आहे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत असतात आणि त्या वाचणारे असंख्य तंत्रज्ञ इंग्रजी मातृभाषा नसलेले असतात. वाचण्यात चूक झाली तर तिची किंमत प्रवासी मोजतात. म्हणून युरोपातील विमान-उद्योगाने एक नियंत्रित इंग्रजी घडविले. त्याची पहिली मार्गदर्शिका १९८६ मध्ये निघाली आणि आज ते 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' या नावाने प्रमाण मानले जाते. त्याचा सर्वसामान्य शब्दसंग्रह सुमारे ९०० शब्दांचा आहे. त्यात प्रत्येक उद्योगाची तांत्रिक नावे भर घालतात. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपलीकडे जाऊ नये, वर्णन करणारे २५ च्या आत असावे. कृती सांगताना कर्मणी प्रयोग निषिद्ध. 'फॉलो' या शब्दाचा अर्थ केवळ 'मागोमाग येणे'. 'सूचना पाळणे' यासाठी तो चालत नाही, तेथे निराळा शब्द. 'क्लोज' हे केवळ 'बंद करणे' या अर्थाचे क्रियापद; 'जवळ' या अर्थी ते वापरता येत नाही. जेथे जीव पणाला लागतात तेथे इंग्रजीने आपला भरजरी पोशाख उतरवून ठेवला आणि बंधने तेवढी कसून बांधली. आणि आमचा विद्यार्थी तोच पोशाख मोठ्या कष्टाने शिवीत बसला आहे.

'शॅल' या लहानशा शब्दाची कथाही अशीच. शालेय व्याकरणाने पिढ्यान्‌पिढ्या शिकविले की भविष्यकाळात 'मी' आणि 'आम्ही' यांच्यापुढे 'शॅल' येते, इतरांपुढे 'विल'. तांत्रिक मानकांच्या भाषेत त्याचा सर्वनामाशी काही संबंध नाही. तेथे 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे शक्यता. भारतीय मानक ब्युरोची काँक्रीटविषयीची संहिता, २००० साली सुधारलेली आयएस ४५६, उघडून पाहावी. तिच्यात 'शॅल' असलेले कलम मोडले तर बांधकाम नियमबाह्य ठरते. 'शुड' असलेल्या कलमापुढे अभियंत्याला आपला विवेक वापरण्यास जागा आहे. पुलाची आणि धरणाची कंत्राटे या भेदावर चालतात. शाळेत शिकविलेला नियम येथे निरुपयोगी ठरतो आणि येथे लागणारा नियम विद्यार्थ्याला बहुधा कोणीच सांगितलेला नसतो.

आता शब्दसंग्रहाकडे वळू, कारण मराठीची हेटाळणी मुख्यतः तेथे होते. आपले पारिभाषिक शब्द बनावट, बोजड आणि टांकसाळी; इंग्रजीचे मात्र स्वाभाविक, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती काय? मायकेल फॅरेडे लोहाराचा मुलगा. त्याची उमेदवारी पुस्तकबांधणीच्या दुकानात झाली. ग्रीक-लॅटिन त्याला येत नव्हते. विद्युत्‌विच्छेदनात त्याला जे दिसत होते त्यासाठी इंग्रजीत शब्दच नव्हते. १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताला पत्र लिहून शब्द मागितले, आणि ह्यूएलने ग्रीक धातूंवरून 'अॅनोड', 'कॅथोड', 'आयन' हे शब्द घडवून दिले. लंडनमध्ये त्यांवर आक्षेप घेणारेही निघाले. 'सायंटिस्ट' हा शब्दही याच ह्यूएलने सुचविला, १८३३ मध्ये, आणि इंग्लंडातील कित्येक वैज्ञानिकांना तो पुढे कितीतरी वर्षे कानाला खटकत राहिला. 'ऑक्सिजन' तर चुकीवर उभा आहे. लाव्हाझिएने तो 'आम्ल उत्पन्न करणारा' या अर्थी घडविला, कारण प्रत्येक आम्लात हा वायू असतो असे त्याला वाटे. मीठापासून मिळणाऱ्या आम्लात तो मुळीच नाही, हे हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये दाखविले. सिद्धांत गेला, शब्द राहिला. आमचा 'प्राणवायू' त्याहून कमी अचूक आहे, असे कोणी म्हणू शकेल काय?

शब्द टांकसाळीत पाडला जातो हे सर्वत्र सारखेच. पुढे तो चलनात येतो की पेटीत पडून राहतो, एवढाच प्रश्न असतो. आमच्याकडे भाषा संचालनालय १९६० मध्ये आणि केंद्राचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. कोश निघाले. ते वापरून विज्ञान लिहिणारे, वाद घालणारे, एकमेकांच्या चुका काढणारे लोक पुरेसे उभे राहिले नाहीत, हे आपले दुखणे आहे. ते भाषेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. जेथे शब्द वापरले गेले, तेथे ते नेमके झाले. 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक, 'वस्तुमान' आणि 'वजन' यांतला फरक आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलाला ठाऊक असतो.

व्याकरणाच्या बाबतीत तर मराठीजवळ असे काही आहे की ज्याचा आपण विचारच केलेला नाही. 'रामाने नळी तापविली', 'रामाने नळ्या तापविल्या', 'रामाने द्रावण तापविले' ही वाक्ये पाहा. मराठी वैयाकरण याला कर्मणी प्रयोग म्हणतात, कारण क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. म्हणजे वाक्याचा तोल वस्तूकडे आहे. आणि तरीही 'राम' आपल्या विभक्तीसह जागेवर उभा आहे. वस्तूला प्राधान्य देण्यासाठी कर्त्याला हाकलून लावण्याची गरज या भाषेला भूतकाळात पडतच नाही. प्रयोगाचा वृत्तांत बहुधा भूतकाळातच लिहावयाचा असतो. इतकी सोय घरात असताना आम्ही इंग्रजी साच्याचे ओझे मराठीवर लादले आणि 'करण्यात आले', 'घेण्यात आले', 'मानण्यात आले' अशी वाक्यांची रांग लावली. सरकारी परिपत्रकांतून ती शास्त्रीय लेखनात शिरली की शास्त्रीय लेखनातून परिपत्रकांत, हा वाद बाजूला ठेवू. दोन्हीकडे तिचा उपयोग एकच होतो: निर्णय दिसतो, निर्णय घेणारा दिसत नाही.

मराठीत सारे काही आयतेच आहे, असा आव मात्र कोणी आणू नये. 'करावे' हे आपले विध्यर्थी रूप आज्ञा, सल्ला, इच्छा आणि शक्यता अशा सगळ्यांना पुरते. 'शॅल' आणि 'शुड' या दोहोंसाठी भाषांतरकाराने 'करावे' लिहिले, तर बंधन आणि शिफारस एक होतात आणि पुलाची संहिता नीतिपाठ बनते. उपाय अवघड नाही. 'केलेच पाहिजे' हे बंधन, 'करावे' ही शिफारस, 'करण्यास हरकत नाही' ही परवानगी, 'होऊ शकते' ही शक्यता, असे एकदा ठरवून त्या ठरावाशी इमान राखले म्हणजे झाले. इंग्रजीनेही याहून वेगळे काही केलेले नाही. 'शॅल'च्या पोटात मुळात बंधनाचा हा नेमका अर्थ नव्हता. मानके लिहिणाऱ्यांनी तो ठरविला आणि पाळला. काटेकोरपणा हा भाषेचा जन्मजात गुण नसून तो लिहिणाऱ्यांनी आपसांत केलेला करार आहे. जी भाषा बोलणारे असा करार करतील, ती भाषा शास्त्रीय होईल.

म्हणून माझी मागणी इंग्रजी हटविण्याची नाही. भारतातील वैज्ञानिकाला इंग्रजी लागणार आहे आणि ते उत्तम यावे. परंतु ते शिकविताना लाल रेघ 'मी'खाली ओढण्याऐवजी 'मानण्यात आले'खाली ओढावी. 'सिग्निफिकंट' लिहिणाऱ्याला विचारावे: किती, आणि कशाच्या तुलनेत? नाम लिहिणाऱ्याला त्यातील क्रियापद पुन्हा उलगडून दाखविण्यास सांगावे. न उलगडले तर ते नाम काढून टाकावे. आणि हाच सराव विद्यार्थ्याकडून त्याच्या मातृभाषेतही करवून घ्यावा. जो विद्यार्थी मराठीत 'ही गळती मी नगण्य धरली, कारण मी ती मोजली तेव्हा ती अमुक इतकीच भरली' असे लिहू शकतो, त्याला तेच इंग्रजीत लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही. ज्याला ते मराठीत सुचत नाही, त्याला इंग्रजीतही सुचत नसते. तेथे फक्त ते चटकन लक्षात येत नाही, कारण त्याचे न सुचणे झाकण्याची सोय आपण त्याला व्याकरण म्हणून शिकवून ठेवली आहे.